तिथीताईंची सुट्टी

शनिवारी दिवाळी करणाऱ्या माणसांचा तिथीताईंना मनापासून राग होता. इथे इंग्लंडात आपल्या एकाही सणाला सुट्टी नाही, त्यामुळे आमचं मराठी मंडळ सगळे सण जवळच्या शनिवारी ढकलतं. गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी आणि कोजागरीचं दूधसुद्धा शनिवारीच, मग आकाशात चंद्र कुठल्याही आकाराचा असो. "हॉल मोकळा आहे म्हणून लक्ष्मी येत नसते," असं त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना तोंडावर सुनावलं होतं. तेव्हापासून त्यांचं नाव तिथीताई पडलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या खूश झाल्या.

मी नागपूरहून नॉटिंगहॅमला नर्स म्हणून आले, तेव्हा त्या आमच्या वॉर्डच्या सिस्टर होत्या, म्हणजे सगळ्या नर्सच्या वरच्या. मूळ मिरजेच्या. बुटक्या, चालायला तुरुतुरु आणि बोलायला सडेतोड. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण? आणि तुला कुठला सण हवा?" मी बावळटासारखं "सगळेच" म्हणाले. "इथे राजालासुद्धा ख्रिसमसला भाषण करावं लागतं," त्या म्हणाल्या. "एकच सांग." मी घाबरून गणपती म्हणाले. दरवर्षी न विसरता मला ती चतुर्थी मिळाली.

ड्यूट्यांचा रोटा त्याच लावायच्या. वॉर्डात पोलंड, फिलिपिन्स, नायजेरिया, केरळ अशा ठिकठिकाणच्या बायका, आणि प्रत्येकीचा देव वेगळ्या दिवशी येणारा. ईदचा दिवस चंद्र दिसल्यावर ठरणार, म्हणून फरीदासाठी त्या सलग दोन दिवस मोकळे ठेवायच्या आणि त्यातला न लागलेला दिवस फरीदा बिनबोभाट परत करायची. स्वतःसाठी मात्र त्या फुकट काही घ्यायच्या नाहीत. वाढणाऱ्याने शेवटी बसावं, हा त्यांचा नियम. सप्टेंबर लागला की त्या इथल्याच जन्मलेल्या जॅनेटला गाठायच्या आणि दरवर्षी तोच सौदा व्हायचा. जॅनेटची ख्रिसमसची ड्यूटी ताई करणार, ताईंची लक्ष्मीपूजनाची जॅनेट करणार.

एका वर्षी पंचांगानेच दगा दिला. सासूबाईंनी मिरजेहून पाठवलेलं पंचांग बघून ताईंनी रजा ठरवली होती, आणि ऑक्टोबरात कळलं की इथल्या सूर्यास्ताच्या हिशेबाने लक्ष्मीपूजन आदल्याच दिवशी येतंय. दुसरी कुणी असती तर चालतंय म्हणाली असती. ताईंनी तीन जणींच्या ड्यूट्या हलवल्या आणि त्याबदल्यात न्यू इयरचा दिवसही देऊन टाकला. मी म्हणाले, "ताई, एका दिवसाने देव रागावणार आहे का?" त्या म्हणाल्या, "देवाचं माहीत नाही. मी रागावेन." त्या वर्षी ख्रिसमस आणि न्यू इयर, दोन्ही दिवस त्या वॉर्डात होत्या आणि लढाई मारल्यासारख्या फिरत होत्या.

मला त्यांचा हा हट्ट फार आवडायचा. परक्या मुलुखात आपण सगळेच थोडे थोडे वाकतो, आणि न वाकणारं एक तरी माणूस ओळखीचं असलं की बरं वाटतं. म्हणून एकदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मला सुट्टी होती, तर मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. दुपारचे दोन वाजले असतील. दारातली रांगोळी पावसाच्या भुरभुरीने ओघळली होती. ताई गर्द जांभळ्या पैठणीत, नाकात नथ, टेबलावर फराळाची ताटं मांडलेली. आणि घरात कुणीच नाही. नवरा डर्बीच्या ऑफिसात, मुलगी मुक्ता नोकरीला लंडनमधल्या ईलिंगला. वार बुधवार.

"संध्याकाळी हे येतील," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मुक्ता शाळेत होती तेव्हा कसं करायचात? "साडेतीनला यायची. चकली खायची आणि स्विमिंगला जायची." मला चिवडा वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तिथीला घरात दिवा लागला पाहिजे. माणसं येतील तेव्हा येतील." मी मान डोलावली. इतक्या सौद्यांनी मिळवलेला दिवस असा रिकामा असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी मुक्ताला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. जानेवारीत जायचं होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती घरी आली होती आणि ताईंनी मलाही जेवायला बोलावलं होतं. जेवताना मुक्ता सहज म्हणाली, "आई, हा लास्ट ख्रिसमस आहे. या वेळी तरी तू घरी असशील ना?"

"ख्रिसमस आपला सण आहे का?" ताईंनी विचारलं.

"आपला नाही, पण त्या दिवशी सगळे घरी असतात." मुक्ता भांडत नव्हती. सावकाश, शब्द शोधत बोलत होती. "दिवाळीला तू घरी असायची, तर मी शाळेत, बाबा ऑफिसला. ख्रिसमसला मी आणि बाबा घरी, आणि तू वॉर्डमध्ये. एव्हरी सिंगल इयर. बाबा फ्रोझन फिश फिंगर्स करायचे. मला वाटायचं, तुला आमच्याबरोबर बोअर होतं."

ताईंनी वरण वाढायला घेतलं होतं. पळी तशीच हातात राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठणार कशी? शेवटी ताईच म्हणाल्या, "बघते." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

पण ख्रिसमस तर सप्टेंबरातच जॅनेटला देऊन झाला होता. सोमवारी ताईंनी तिला विचारलं. जॅनेटच्या नातीचा तो पहिलाच ख्रिसमस, सगळी मंडळी स्कॉटलंडहून येणार होती. जॅनेट रडवेली झाली. ताईंनीच तिची समजूत घातली आणि विषय मिटवला. मला ख्रिसमसला सुट्टी होती, म्हणून मी माझी देऊ केली. "तुझी लेक सई सात वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "मुक्ताचे सगळे ख्रिसमस मी घालवले. आता सईचा घालवू?" मी वाद घातला, दोनदा घातला. त्या हलल्या नाहीत. पंचवीस तारखेला त्यांनी पूर्ण दिवसाची ड्यूटी केली आणि नेहमीप्रमाणे ख्रिसमसचा कागदी मुकुट घालून पेशंटना जेवण वाढलं, असं मला नंतर फरीदाने सांगितलं. त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

मात्र त्या हरून बसल्या नव्हत्या. ख्रिसमस नाही तर नाही, त्यांनी मुक्तालाच फोन करून विचारलं, "तुला कुठला दिवस हवा ते तू सांग." मुक्ताने निघायच्या आदल्या दिवसाचा मंगळवार मागितला. ताई वॉर्डात सगळ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मला एक मंगळवार पाहिजे. बदल्यात द्यायला या वेळी माझ्याकडे काही नाही." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं, ते आम्हाला दिसत होतं. जॅनेटने सगळ्यांत आधी हात वर केला.

त्या मंगळवारी ना अमावस्या होती, ना पौर्णिमा. नंतर मी विचारलं, काय केलंत? "काही नाही. दिवसभर पायजम्यात बसलो. दुपारी तीनला जेवलो. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवून भिकार सिनेमे बघितले." मग म्हणाल्या, "एवढंच हवं होतं गं तिला. मी विचारलंच नव्हतं कधी."

त्याच उन्हाळ्यात ताई रिटायर झाल्या आणि दोघं नवरा-बायको मिरजेला परतले. जाताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "हट्ट सोडू नकोस. पण आधी घरी विचार, आणि मग हट्ट कर." मी तेव्हा रडत होते, त्यामुळे हो म्हटलं आणि विसरले.

आता रोटा मी लावते. या वर्षी स्वतःचा दिवस ठरवताना मी सवयीने गणेश चतुर्थी लिहायला घेतली, आणि ताईंचं बोलणं आठवलं. घरी जाऊन सईला विचारलं, "वर्षातला एकच दिवस मी नक्की घरी असेन. कुठला पाहिजे?" मला वाटलं, गणपती म्हणेल. मखराची सजावट तीच करते. फार तर ख्रिसमस म्हणेल, त्याचीही मी मनाची तयारी केली होती.

"घरी नको," सई म्हणाली. "स्पोर्ट्स डेला शाळेत ये. सगळ्यांची आई येते. तू माझी रेस एकदा पण नाही बघितली."

जूनमधला बुधवार आहे. त्याच्यासाठी मी माझी चतुर्थीची सुट्टी जॅनेटला देऊन टाकली.