चुन्याचं बोट

फौंड्री गल्लीत पुन्हा पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि अठरा वर्षं ते पाळलंही. पण मुलगी चित्रकला शिकत होती, तिची चार चित्रं तिथल्या एका शेडमध्ये लागली होती. "बाबा, आला नाहीत तर मी बोलणारच नाही," म्हणाली. न येण्याचं कारण तिला काय सांगणार? गेलो.

कारखाने शहराबाहेर हलले, तशा त्यांच्या रिकाम्या जागा चित्रकारांनी, मूर्तिकारांनी भाड्यानं घेतल्या होत्या. मी कामाला होतो ती भट्टी होती तिथं सिनेमाचे बोर्ड रंगत होते. भिंती पांढऱ्या केलेल्या, वरचं छत मात्र काळंच. मुलगी चित्रं दाखवत होती. मी मान डोलवत होतो आणि बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवत होतो. जळक्या वाळूचा वास अजून होता. की मलाच येत होता, कोण जाणे.

पलीकडच्या शेडमध्ये दहा-बारा मुलं मातीची डोकी घडवत बसली होती. मधे स्टुलावर एक माणूस. "हे आमचे चाचा," मुलगी म्हणाली. "पूर्वी इथंच कामाला होते."

उजवा डोळा मिटलेला, गालाची कातडी आवळून आलेली. मी खांबाआड झालो.

"चाचा, डोळ्याचं सांगा की," कुणीतरी म्हणालं.

"कितींदा सांगू? माझाच गाढवपणा. ओतायचं भांडं तापवलं न्हाय. ओलीवर लोखंडाचा रस पडला की तोफ उडत्या."

"हलू नका, नाक वाकडं होतंय."

"मूळचंच वाकडं हाय ते. नीट बघून काढ."

सगळे हसले.

भांडं त्यानं तापवलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. ओला होता तो साचा, आणि साचा वाळवायचं काम माझं. आत शेगडी ठेवून तो चार तास वाळवायचा, आणि ज्यानं वाळवला त्यानं साच्याच्या पेटीवर चुन्याचं एक बोट ओढायचं, अशी आमच्याकडची रीत. ते बोट दिसलं की कुणी विचारायचं नाही, सरळ रस ओतायचा. त्या दुपारी मी पत्ते खेळत बसलो आणि कोळसा विझला. पुन्हा पेटवावा, तर ओतणं उद्यावर जाणार, मिस्त्री सगळ्यांदेखत सोलून काढणार. मी बोट ओढलं. संध्याकाळी त्यानं रस ओतला आणि साचा फुटला, त्याचा तुकडासुद्धा सापडला नाही. मिस्त्री म्हणाला, "भांडं गार असणार." माझ्याकडं बघून म्हणाला, "व्हय का न्हाय?" मी म्हणालो, "व्हय. घाईत होता तो."

महिन्याभरात मी ते काम सोडलं.

"बाबा, तिकडं काय करताय?" मुलगी मोठ्यानं म्हणाली. त्यानं सगळी मान वळवून चांगल्या डोळ्यानं बघितलं.

"आयला! कुठं मेलतास रं इतकी वर्षं?" स्टुलावरून उतरून त्यानं मला मिठीच मारली. पोरं ओरडली, त्यानं त्यांना दमात घेतलं.

मी त्याला बाहेर नळापाशी नेलं. मुलगी मागं येते की काय, सारखं वळून बघत होतो. मग एका दमात बोलून टाकलं. कोळसा, चुना, मिस्त्री, सगळं.

तो माझ्या डावीकडं उभा होता, त्याची मिटल्या डोळ्याची बाजू माझ्याकडं. तोंडावरून काही कळेना. आता हात उचलेल म्हणून मी खांदे आवळून घेतले.

"दवाखान्यात मोसंबी घेऊन आलतास," तो म्हणाला.

"व्हय."

"तवा बी म्हाईत होतं तुला."

"व्हय."

तो नळाखाली हात धूत राहिला. मातीचा डाग होता तो कधीच गेला होता, तरी धूत राहिला. मग म्हणाला, "चल घरला."

"कशाला?"

"बायको अठरा वर्षं मला निष्काळजी म्हणत्या. पोरगा कामावर निघाला की दारातनं सांगत्या, बापागत करू नगंस. आता मला सांगितलंस तसंच तिला सांग. पोरगा बी हाय आज घरात."

मार चालला असता. भाभींच्या हातचा शीरखुर्मा मी तीन ईदींना खाल्ला होता.

"बाबा, कुठं निघालात?" मुलगी दारात उभी.

"माझ्या घरला," तोच म्हणाला. "तू बी ये की."

तिला थांबवावं म्हणून मी तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं फक्त. मी मिटलं.

दोन गल्ल्या चालायला कितीसा वेळ लागतो? भाभींनी मला लगेच ओळखलं. "भावजी!" म्हणाल्या आणि पाण्याला आत वळल्या.

"पाणी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बस हितं. पोराला हाक मार."

चौघं माझ्याकडं बघत होते. मुलीचा चेहरा टाळून मी भाभींकडं तोंड केलं आणि म्हणालो, "भाभी, त्या दिवशी भांडं गार नव्हतं."