आप्पांच्या विहिरीत आम्ही बायका

भीमेचं पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. गॅसवर चहा उकळत होता. तो तसाच ठेवून आम्ही सगळे उंचावरच्या शाळेकडे निघालो. थोरले दीर तेवढे गोठ्यातल्या म्हशी सोडायला मागे थांबले. दुपारी दोन्ही म्हशी पोहत शाळेच्या टेकाडाला लागल्या. दीर आले नाहीत. चौथ्या दिवशी ते खालच्या गावाच्या हद्दीत सापडले.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. घरात गुडघाभर चिखल होता तोवर आक्का उभी होती. फावड्यानं गाळ काढला, भांडी घासली, भिजलेल्या गोधड्या धुतल्या, दुसऱ्यांच्या घरातही मदतीला गेली. सगळं स्वच्छ झालं आणि ती मटकन खाली बसली, ती बसलीच. बोलणं जवळजवळ बंद. नळाखाली बादली भरायला लागली की कान झाकून घ्यायची. आणि कुणी चप्पल घातली की एकच प्रश्न, "कुठं चाललीस? कवा येशील?"

माझे मालक कुरकुंभला कंपनीत आहेत. ते पहिल्या पाळीवरून परत येईपर्यंत आक्का दारातून हलत नसे. त्यांनीच एके दिवशी तिला दौंडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला समजावलं, "यांना एकटं ठेवू नका. बोलल्या तर ऐका. नाही बोलल्या तर जबरदस्ती करू नका, हाताला काहीतरी काम द्या."

दिवाळीनंतर शिरूरहून माझी आई आली, आठ दिवसांसाठी म्हणून. राहिली चार महिने. आईचं बालपण घोडनदीच्या काठावर गेलेलं. पासष्टी उलटली तरी पाणी दिसलं की तिचा पदर आपोआप खोचला जातो. एका दुपारी आम्ही बायका झेंडूची फुलं तोडत होतो, तेव्हा बोलता बोलता तिला कळलं, की आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नाही.

"नदीच्या काठाला नांदता आन् पवता येत न्हाई?" ती हातातली पाटी खाली ठेवून म्हणाली. "मग पाणी आल्यावर काय करता?"

"रडतो," आमची शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. आई मात्र हसली नाही. पदर खोचून ती थेट बांधापलीकडच्या आप्पांकडे गेली. आप्पांची जुनी, दगडी पायऱ्यांची विहीर गावात सगळ्यात चांगली.

आप्पा गोंधळून गेले. "विहीणबाई, बायामाणसं विहिरीत उतरणार? लोकं काय म्हणतील?"

"आप्पा, पूर आला तवा पाण्यानं इचारलं का, बाई हाय का बाप्या?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दुपारी दोन ते चार विहीर आम्हाला दिली. वर स्वतः कडुनिंबाखाली विहिरीकडे पाठ करून बसायचं कबूल केलं, म्हणजे कुणी पुरुष तिकडे फिरकणार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही चौघी होतो. अंगात जुने पंजाबी ड्रेस, पाठीला तेलाचे रिकामे कॅन, कमरेला दोर. पायऱ्या उतरून पाय टाकला, तर पाणी इतकं ऊबदार, की थंडीच्या दिवसांत गरम पाण्याचा हंडाच कुणी ओतून ठेवलाय असं वाटलं. मी पहिल्या तासात अर्धी विहीर प्याले असेन. शेजारीण कॅनसकट गोल गोल फिरत राहिली. आमच्या सरपंचबाई "मी फक्त पाहणी करायला आलेय" म्हणत आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्याही उतरल्या आणि अशा किंचाळल्या, की आप्पा मान न वळवता ओरडले, "काय झालं? कोण बुडलं?"

"कोण न्हाई, आप्पा!" आई खालून ओरडली. "सरपंच तरंगल्या!"

घरात एकटी नको म्हणून आक्काला आम्ही सोबत आणत होतो. ती विहिरीपासून दहा पावलं लांब, पाण्याकडे न बघता बसायची. आई वरून दोर धरून शिकवायची, पण तिला सारखं पाण्यात उतरावं लागे आणि मग दोर धरायला कुणी उरत नसे. चौथ्या की पाचव्या दिवशी आक्का उठली, काठाशी आली आणि आईसमोर हात केला.

"मावशी, मी धरू?"

आईनं दोर तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून आक्कानं तो दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. प्रत्येकीच्या कमरेची गाठ स्वतः बांधायची, दोनदा ओढून बघायची. "माझ्या हातातनं कोण जायचं न्हाई," म्हणायची. संध्याकाळी तिच्या तळहातांवर लाल वळ असत. मी खोबरेल चोळायला गेले की हात मागे घ्यायची, पण भाकरी मात्र पूर्वीसारखी पोटभर खायला लागली होती.

एकदा पोहून झाल्यावर आम्ही वरच्या पायऱ्यांवर केस वाळवत बसलो होतो. आक्का दोराची गुंडाळी करत होती. गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "मीच म्हणाले त्यास्नी. म्हशी सोडून या म्हणाले. मीच धाडलं."

इतके महिने ती हे एकटीच पोटात घेऊन बसली होती. आई तशीच ओलीचिंब तिच्याजवळ जाऊन बसली.

"मीबी म्हणाले असते, पोरी. दाव्याला बांधलेलं जनावर बुडताना कुणाला बघवतं?"

"मीबी धाडलं असतं," शेजारीण म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

आणि मग आक्का रडली. अंत्यविधीलाही रडली नव्हती इतकी, मोठ्यानं, आईच्या ओल्या मांडीवर डोकं ठेवून. आम्ही तिला गप्प केलं नाही. कडुनिंबाखाली आप्पांची पाठ आमच्याकडेच होती, पण उपरण्यानं ते डोळे पुसताहेत हे मला दिसलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी आक्का घरून जुना ड्रेस घालूनच निघाली. "मला उतरायचंय," एवढंच म्हणाली. आता दोर कुणी धरायचा? सगळ्यांनीच धरला. सात बायका रांगेत, रस्सीखेच असल्यासारख्या. आक्का पायरीला धरून पाण्यात उतरली. छातीपर्यंत पाणी आल्यावर डोळे घट्ट मिटून थांबली. आईनं तिच्या पाठीखाली हात धरला, पाय सोडायला सांगितले आणि हळूच हात काढून घेतला. आक्का तरंगली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"अगं बया," ती म्हणाली, "हितनं आभाळ केवढं गोल दिसतंय!"

आणि हसली. विहिरीत हसू घुमतं, त्यामुळे ते आम्हाला दोनदा ऐकू आलं. सरपंचबाईंनी आनंदात टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात दोर ढिला झाला म्हणून आक्काच पाण्यातून त्यांच्यावर ओरडली.

उन्हाळ्यात आम्ही अकराजणी जीप करून शिरूरला गेलो, आईच्या घरी. घोडनदीच्या बंधाऱ्यात पाणी होतं. आईनं दोन नातसुनांनाही काठावर आणून उभं केलं होतं. तिथं कॅन नव्हते, दोर नव्हता. आक्का माझ्या पुढं पोहत गेली. सावकाश, तोंड वर काढून, म्हशीसारखी ऐटीत. मी तसं म्हणालेसुद्धा, आणि लगेच जीभ चावली. आक्का थांबली, माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "आमच्या म्हशी पवायला लई हुशार." आणि माझ्या तोंडावर पाणी उडवलं.

आजही पाऊस लागला की आक्का दाराशी येऊन बसते. दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडे अधूनमधून जाते, गोळ्या आता कमी झाल्यात. पण पावसात ती एकटी बसत नाही. शेजारीण येते, सरपंचबाई येतात, मी भज्यांचं पीठ कालवते. मालक पाळीवरून येतात तेव्हा घरात इतका गलका असतो, की त्यांना स्वतःच्याच घरात बसायला जागा शोधावी लागते.