आण्णांची कपबशी

खानावळीत महिनाभर जेवलं की वजन वाढतं आणि वर्षभर जेवलं की किस्से! मी तर चिंचवड स्टेशनाजवळ आण्णांकडे चार वर्षं जेवलो. पुढे चहाचं हॉटेल, मागे खानावळ. पन्नासच्या दशकातली गोष्ट. कारखाने नुकतेच येऊ लागले होते आणि सातारा-बीडकडून आलेले आम्ही सडेफटिंग तिथले मेंबर.

*

भिंतीवर बोर्ड होता, 'जेवताना राजकारण बोलू नये.' एक दिवस आण्णांनीच तो उलटा करून टांगला.

"काय झालं, आण्णा?"

"पंचायतीला उभा ऱ्हातोय!"

कारण साधं होतं. रुळांपलीकडे आमच्या चाळींना नळ नव्हता. गावठाणातले पंच म्हणायचे, "ही बाहेरची मान्सं, आज हायेत, उद्या न्हाईत." आण्णांना ते फार लागलं होतं. स्वतः गावठाणातले असून ते आमच्यासाठी भांडायला निघाले, याचं मला आजही कौतुक वाटतं.

*

पहिली सभा मारुतीच्या पारावर. पन्नासेक माणसं जमली. भाषण तोंडपाठ होतं, पण समोर गिऱ्हाईकं दिसल्यावर सवय आडवी आली. आण्णा हात जोडून म्हणाले, "या, बसा! काय घेणार?"

"चहा!" अख्खी सभा ओरडली.

भाषण राहिलं बाजूला. सगळे उठून हॉटेलात! त्या दिवशी दूध दोनदा आणावं लागलं.

*

विरोधात होते बाजीराव पाटील. गडी रोज सकाळी आण्णांच्याच हॉटेलात चहा प्यायचा आणि संध्याकाळी आण्णांवरच तोंडसुख घ्यायचा! वर आण्णा त्याच्या चहात साखर जादा घालायचे. आम्ही चिडलो.

"त्याचे कशाला एवढे लाड?"

"आरं, त्याचा घसा चांगला ऱ्हायला पायजे. सभेत माझं नाव त्योच घेतो की!"

*

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. आण्णांना चिन्ह मिळालं कपबशी. आण्णा जाम खूश! कारण खानावळीच्या दारातल्या पत्र्याच्या डब्यावरही त्यांनी कपबशीच रंगवलेली. मेंबरनं आत येताना त्यात जेवणाचं कूपन टाकायचं आणि पाटावर बसायचं, अशी पद्धत.

"आपल्या मेंबरांना शिकवाय नको," आण्णा म्हणाले. "हात आपसूक जातोय!"

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत मोजणी. आण्णांची पेटी उघडली, तर मतपत्रिकांबरोबर जेवणाची चौदा कूपनं बाहेर पडली! अधिकाऱ्यानं ती बाजूला ठेवली. आण्णा नऊ मतांनी पडले.

मला रडूच आलं. गेला आमचा नळ! आण्णा मात्र तडक खानावळीत आले आणि दारातला डबा जमिनीवर उपडा केला. आदल्या दिवशीच्या कूपनांत चौदा मतपत्रिका होत्या, नीट घडी घातलेल्या.

तेवढ्यात आमच्यातला बीडचा तुकाराम शिफ्ट संपवून जेवायला आला. आण्णांचा चेहरा बघून गांगरला.

"पडलात? आसं कसं, आण्णा? आमी समद्यांनी तुमच्याच डब्यात टाकलं की!"

आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मतपत्रिका गोळा करून खिशात घातल्या आणि आत हाक मारली, "तुकारामाला वाढा रे. भाकरी गरम द्या."