रेडिओवरचं ‘मजेत’

“कार कशी आहे?” मी रेडिओवर इंग्रजीत विचारलं.

“ऑल गुड,” निषाद म्हणाला.

ऑल गुड नव्हतं. माझ्या स्क्रीनवर पुढच्या डाव्या टायरचं टेम्परेचर चढत होतं आणि दर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या दर फेरीला, निषादला थोडा थोडा जास्त वेळ लागत होता. माझ्या शेजारी हेडसेट लावून युरोपातून आलेला पाहुणा बसला होता. त्याच्या मागे आमचा अर्बाब, म्हणजे टीमचा मालक, हाताची घडी घालून उभा होता. दोघांनीही ‘ऑल गुड’ ऐकलं आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी रेस इंजिनिअर आहे. गाडी मी चालवत नाही आणि पाना हातात घेऊन दुरुस्तही करत नाही. ट्रॅकवरच्या ड्रायव्हरशी रेडिओवर बोलायचं, कार वळणावर काय करतेय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं, हे माझं काम. स्क्रीनवर आकडे भरपूर दिसतात, पण स्टीअरिंग हाताला कसं लागतंय हे ड्रायव्हरच सांगू शकतो. पुण्यातले नातेवाईक अजूनही समजतात की मी मस्कतला गॅरेज चालवतो. तो समज दुरुस्त करायचं मी सोडून दिलं आहे.

मस्कतपासून लांब, वाळवंटातल्या इब्रा गावाच्या पुढे अर्बाबने स्वतःचा टेस्ट ट्रॅक बांधला आहे. सकाळी आधी त्यावरची वाळू झाडून काढायची आणि मग गाड्या सोडायच्या. निषाद करंदीकर आमचा ड्रायव्हर, विशीतला. जन्म मस्कतचा, शाळा इथलीच, मित्रांशी इंग्रजी. वेगाच्या बाबतीत पोरगा उपजतच शहाणा. युरोपातल्या सर्वांत वरच्या सिरीजमधल्या एका टीमला रूकी, म्हणजे नवखा, ड्रायव्हर हवा होता. पाहुणा त्यासाठीच आला होता. अर्बाबने मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “मेहमान तुमसे ही पूछेगा, लडका रेडी है की नहीं. तुम रोज सुनता है उसको.”

यात माझी एक अडचण होती. मी मस्कतजवळ अल अमेरातला एकटा राहतो. बायको पुण्यात, तिची नोकरी आणि तिची आजारी आई तिकडे. इथे सुट्टी शुक्रवारची, आणि एकट्या माणसाला शुक्रवार खायला उठतो. निषादच्या आईवडिलांचा, म्हणजे करंदीकरांचा, फ्लॅट मस्कतमध्येच अल घुब्राला. दर शुक्रवारी दुपारी त्याच्या आईच्या, मेधावहिनींच्या, हातचा वरणभात नि तूप, मग करंदीकरांशी गप्पा आणि चहा. आठवड्याचं माझं समोरासमोरचं मराठी बोलणं तेवढंच. निषादही असायचा, मोबाइलमध्ये डोकं घालून. आणि आता त्याच घरच्या मुलाबद्दल हो की नाही ते मला सांगायचं होतं.

तर त्या सकाळी मला वाटलं, पोरगा पाहुण्याला घाबरून बोलत नाहीये. हेडसेटवर तो ऐकतोय हे निषादला ठाऊक होतं. रेडिओवर इंग्रजीच बोलायचं असा आमचा नियम आहे. मी तो बाजूला ठेवला. मराठीत पाहुण्याला काय कळणार?

“निषाद, मी काका बोलतोय,” मी म्हणालो. “इथे कोणालाही मराठी येत नाही. खरं सांग, कशी आहे कार?”

 मग उत्तर आलं, “म-म-म-जे-जे-त!”

त्याचा आवाज अक्षरशः थरथरत होता, आणि ती थरथर भीतीची नव्हती. ब्रेक फार जोरात दाबला गेला की चाक क्षणभर अडकतं आणि टायर रस्त्यावर घासत जातो. तेवढ्या जागी रबर सपाट होतं. याला आम्ही फ्लॅट स्पॉट म्हणतो. मग चाक गोल फिरत नाही, धडधडत फिरतं आणि त्याबरोबर ड्रायव्हर दातांपर्यंत हादरतो. टायर मरायला टेकला होता हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. शब्द मात्र होता, मजेत.

हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. बायको रोज फोनवर विचारते आणि मी रोज तोच सांगतो. निषादचं मराठीही सगळं फोनवरचंच होतं. आजीने पुण्याहून विचारायचं आणि त्याने ‘मजेत’, ‘जेवलो’, ‘अभ्यास चालू आहे’ असं म्हणून फोन आईला द्यायचा. मी मराठीत विचारलं आणि त्याने आजीला देतो तेच उत्तर मला दिलं.

“बॉक्स, बॉक्स!” मी ओरडलो. म्हणजे आत ये. पण आत वळायचा रस्ता त्याने नुकताच मागे टाकला होता. सरळ पट्ट्याच्या शेवटी टायर फुटला आणि कार गरागरा फिरत वाळूत गेली. धूळ इतकी उडाली की थोडा वेळ काहीच दिसेना. 

“आय ॲम ओके,” तो रेडिओवर म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.

पाहुण्याने हेडसेट काढला. “तो एक शब्द काय होता?” त्याने विचारलं.

“मजेत. म्हणजे, मी छान आहे.”

“टायर असा असताना?”

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“तुम्ही त्याला रोज ऐकता,” तो म्हणाला. “सरळ विचारतो. आमच्या कारसाठी तो तयार आहे?”

अर्बाब माझ्याकडे बघत होता. हो म्हणणं अगदी सोपं होतं. फुटतात टायर, कोणाचेही फुटतात. वेग त्याच्याकडे होता आणि पाहुण्याला तो आवडलाही होता. पण त्यांच्या कारचा वेग आमच्या कारच्या कितीतरी पुढचा. तिथे पोरगा ‘ऑल गुड’ म्हणत भिंतीत जाईल, आणि रेडिओवर जो कोणी असेल त्याला त्याच्या आवाजावरूनसुद्धा काही ओळखता येणार नाही.

“नाही,” मी म्हणालो. “अजून नाही.”

पाहुणा गेल्यावर अर्बाबने विचारलं, “अपना लडका है, फिर भी ना बोला? खलास?”

“इस साल खलास, अर्बाब.”

निषाद कार ओढून आणणाऱ्या ट्रकमधून परत आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. “काका, मी कम्प्लेंट केली असती तर त्याला वाटलं असतं, आय कान्ट हँडल इट,” तो म्हणाला. “अँड यू टोल्ड हिम नो?”

“हो.”

त्याने हेल्मेट टेबलावर आपटलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून मी त्याचा ‘सर’ झालो.

संध्याकाळी मेधावहिनींचा फोन आला. “भाऊजी, तुमच्या एका शब्दावर होतं हो सगळं,” एवढंच त्या म्हणाल्या. रडत होत्या. पुढच्या शुक्रवारी बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मीही न बोलावता गेलो नाही. शुक्रवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या फ्लॅटचा एसी ऐकू येतो. तो ऐकत मी फ्रोझन पोळ्या गरम करायचो. आपण बरोबर वागलो हे मला माहीत होतं, पण त्याने पोळ्या काही मऊ होत नाहीत. मला फार एकटं वाटलं.

निषाद मात्र टीम सोडून गेला नाही. पुढच्या थंडीत पुन्हा टेस्ट सुरू झाल्या आणि त्याने रेडिओवर तक्रारींचा धडाका लावला. सगळ्या इंग्रजीत आणि सगळ्या रागाने. मागचं घसरतंय. ब्रेकचं पेडल खोल जातंय. हवेचं प्रेशर तुम्ही चुकीचं दिलंय. मला वाटलं, सूड उगवतोय. पण कार आत आली की मी तपासायचो, आणि तो म्हणायचा ते तिथे असायचं. हळूहळू राग कमी झाला, तक्रारी राहिल्या. कुठल्या वळणावर, ब्रेक सोडल्यावर की ॲक्सिलरेटर दिल्यावर, असं नेमकं सांगू लागला. मी बदल करायचो आणि तो तेवढा पुढे जायचा. कामापलीकडे आम्ही एक शब्दही बोलत नव्हतो.

पाहुणा पुन्हा आला. निषाद ट्रॅकवर होता, आम्ही तिघे हेडसेट लावून बसलो होतो.

“कार कशी आहे?” मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं.

“वाईट,” तो चक्क मराठीत म्हणाला. “लेफ्ट फ्रंट गेला. मी आत येतोय. आणि सर, लास्ट इयर तुम्ही त्याला सांगायच्या आधी मला सांगायला पाहिजे होतं. ते पण वाईट होतं.”

“कॉपी,” मी म्हणालो. म्हणजे, ऐकलं.

टायर खरंच झिजून गेला होता, पण अजून फुटला नव्हता. अर्बाबने विचारलं, “अब?”

“अब जाने दो,” मी म्हणालो, आणि पाहुण्यालाही तेच इंग्रजीत सांगितलं.

निषाद युरोपला गेला. जाताना मला भेटला, हात मिळवला, ‘सर’च म्हणाला. आता त्याच्या रेस मी अमेरातच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर बघतो. मधूनच ड्रायव्हरचा रेडिओ ऐकवतात. परवा निषादचा ऐकवला. मागचं चाक कुठे घसरतंय ते तो बारकाईने सांगत होता आणि पलीकडून कोणीतरी अनोळखी माणूस ‘कॉपी’ म्हणत होता. आमच्या धंद्यात काम चोख झालं की असं होतं. ड्रायव्हर सगळं खरं सांगायला शिकतो आणि मग ते दुसऱ्याला सांगतो.