तात्यांनी आधी रस्ता केला

तात्या बोलताना कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. ते शेजारी येऊन बसायचे आणि नजर नाकासमोर ठेवून बोलायचे, जणू आपल्या दोघांच्या पुढे ट्रकची काच आहे आणि काचेपलीकडे रस्ता पळतो आहे. विंचूरच्या बाजारातला कांदा ट्रकमध्ये भरून पार बंगाल-आसामकडे पोचवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी ट्रक नुकताच सोडला होता, पण मानेची सवय सुटली नव्हती. पहिले काही महिने मला वाटायचं, सासऱ्यांना मी पसंत नाही. मग एकदा चहाचा कप हातात देताना ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरी, चहा झ्याक करतीस." तेव्हा कळलं की भिंतीला नव्हे, मलाच म्हणतायत.

मी नाशिकची. द्वारका चौकाजवळ माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे कानाला सतत हॉर्न ऐकायची सवय. सासर निफाडजवळचं. गावात भिंतीला भिंत लागून असलेलं दोन खोल्यांचं घर, त्यात तात्या, माझा नवरा अशोक, अशोकची आत्या आणि मी. अशोकची आई तो शाळेत असतानाच काविळीनं गेली होती. विधवा झालेली आत्या तेव्हापासून भावाच्या घरी राहून अशोकला सांभाळत होती. तात्या तेव्हा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी घरी यायचे. त्यामुळे बापलेकांमध्ये भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. अशोक विंचूरला कांदा निवडून भरायच्या खळ्यावर कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, आणि दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे मुकाट्यानं खायचे.

मला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यात तात्यांनी जाहीर केलं की आपण मळ्यात घर बांधायचं. मळा गावापासून लांब होता. विहीर, थोडी द्राक्षाची बाग, बाकी कांदा. डांबरी सडकेपासून मळ्यापर्यंत काळ्या मातीतली गाडीवाट होती. पावसाळ्यात तिच्यात चप्पल रुतली तर पाय वर यायचा, चप्पल राहायची. दिवाळीनंतर गवंडी पायाची आखणी करायला आला, तर तात्यांनी त्याला परत पाठवलं.

"आधी रस्ता," ते म्हणाले.

"रस्ता कुठं पळून चाललाय तात्या? घर होऊ द्या की," गवंडी म्हणाला.

"घर बी कुठं पळून चाललं नाय. पन गाडी दारापर्यंत आली पायजे."

आणि खरंच, दार जागेवर नव्हतं तेव्हा दारापर्यंतचा रस्ता झाला. त्यांनी मुरूम टाकून घेतला, शेजारच्याचा ट्रॅक्टर मागून आणला आणि दिवसच्या दिवस त्या मुरुमावरून पुढे-मागे चालवून तो दाबला. सडकेपासून विहिरीवरच्या बाभळीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. वळायला जागा एवढी मोठी ठेवली की गवंड्यानं विचारलं, "घर बांधायचंय का डेपो?" सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी भाकऱ्या थापताना आत्यानं मला कारण सांगितलं. तात्यांची पहिली मुलगी, अशोकच्या आधीची. भर पावसात मळ्यात काम करताना अशोकच्या आईच्या पोटात दुखायला लागलं, बैलगाडी त्याच वाटेत चिखलात रुतली. मूल गाडीतच झालं आणि गेलं. तात्या तेव्हा कांदा घेऊन बंगालात होते. ते घरी परतले तेव्हा तिला पुरूनही बरेच दिवस झाले होते.

"त्यानं आमच्यापैकी कुणाला काय विचारलं नाय," आत्या म्हणाली. "जेवला आन् पुन्हा गाडीवर गेला."

माझी तब्येत नाजूक होती. डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायला, वाकायला बंदी केली होती. गावातल्या घरात नुसतं पडून राहिलं की मला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तात्या सकाळी मला मळ्यात न्यायचे, निंबाखाली बाज टाकायचे आणि म्हणायचे, "बस हितं. काय दिसतं ते सांग." पाया, जोतं, भिंती, सगळं मी त्या बाजेवरून वर चढताना पाहिलं. घराबरोबर माझं पोटही वाढत होतं आणि गवंड्याच्या हाताखालच्या बायका हसून विचारायच्या, आधी काय पुरं होणार?

काय दिसतं ते सांग, हा हळूहळू आमचा खेळ झाला. तात्या विटांना पाणी मारून आले की बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. पक्ष्यांची नावं आम्हा दोघांनाही येत नव्हती. मी शहरातली, आणि ते म्हणायचे, "मी आख्खा मुलूख फिरलो, पन काचेतून दिसला तेवढाच." मग आम्हीच नावं ठेवायचो. तारेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर झडप घालणारा दुभंगल्या शेपटीचा काळा पक्षी, त्याला आम्ही हवालदार म्हणायचो. विहिरीच्या काठानं शेपूट खालीवर करत पळणारी एक छोटी पांढरी-काळी पक्षीण होती, ती "हिशेब चुकलेली बाई". विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबायची. ती वाऱ्यानं हलली की तात्या गवंड्याला ओरडून सांगायचे, "बघ ती पाखरं, नाय तर तू! वळंबा लावून बी भिंत वाकडी!"

चैत्रात स्लॅबसाठी खडी येऊन पडली होती, तिच्या कडेला टिटवीनं अंडी घातली. खडीच्याच रंगाची. मलाच ती आधी दिसली, कारण मला बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. टिटवी दिवसभर ओरडून माणसांच्या डोक्यावरून झेपावायची. आत्यानं घराजवळ टिटवी ओरडणं वाईट म्हणून तिला हाकलायला सांगितलं. तात्या म्हणाले, "तिला काय ठाव कुनाचं काय व्हनार हाय? ती तिची अंडी राखती." त्यांनी त्या बाजूला काट्या रोवून दोरी बांधली आणि खडी दुसऱ्या बाजूनं उचलायला लावली. स्लॅब टाकून झाला. एका सकाळी पिलं निघाली आणि दुपारपर्यंत आईच्या मागे तुरुतुरु चालत बागेत गेली. तात्या दोरी गुंडाळत म्हणाले, "चालतच जन्माला आली बघ. आपल्याला लय वेळ लागतो."

आठवा सरत आला होता. उन्हं तापली होती. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की पोटात हालचाल नाही. रोज सकाळी चहानंतर बाळ पाय मारायचं. मी वाट पाहिली, कुशीवर झोपले, गूळ-पाणी प्यायले. तात्या आले आणि बाजेवर बसले. मी म्हटलं, "तात्या, आज काहीच हलत नाहीये." त्यांनी पहिल्यांदा मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. पुढे काही न विचारता ते उठले, आणि थोड्याच वेळात शेजारच्यांची जीप त्या रस्त्यावरून धूळ उडवत बाजेपर्यंत आली. स्वतः तात्याच चालवत होते. एकही धक्का बसू न देता त्यांनी मला नाशिकच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ते एवढंच म्हणत होते, "आलंच. आलंच आता."

वेळ कुठेही गेला नव्हता. रस्ता चांगला होता, गाडी वेळेवर होती, डॉक्टर जागेवर होत्या. पण बाळ आधीच गेलं होतं. नाळेचा वेढा बसला होता, त्या म्हणाल्या, यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. मला कळा देऊन मोकळं केलं. मुलगी होती. खोलीत जी शांतता झाली, ती अजून माझ्या कानात आहे.

तिला कापडात गुंडाळून बाहेर नेलं. मी विचारलं तर नर्स नुसती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. दाराबाहेर आत्याचा आवाज येत होता, "तिला दावू नका. एकदा का तोंड बघितलं की जन्मभर इसरायची नाय." माझी आईसुद्धा तेच म्हणत होती. अशोक भिंतीकडे तोंड करून उभा होता, असं मला नंतर कळलं. त्याच्यापुढे बाळ धरलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मग दार उघडलं आणि तात्या आत आले. त्यांच्या हातात ती होती. बाया मागून अडवत होत्या, ते थांबले नाहीत. आयुष्यात लहान मूल फारसं हातात न घेतलेला तो माणूस तिचं डोकं कोपरात नीट पेलून चालत आला आणि तिला माझ्या कुशीत ठेवलं.

"बघ पोरी," ते म्हणाले. "पोटभर बघ. माझी मला बघायलाच गावली नाय. बायकोला इचारलं तर तोंड फिरवायची. कशी व्हती, मला अजून ठाव नाय."

मी पाहिलं. तात्या शेजारी बसले आणि त्यांनीही पाहिलं. त्यांनीच कापड थोडं सोडून तिची बोटं मला दाखवली. नखंसुद्धा आली होती. आम्ही तिला किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही. कुणी घाई केली नाही. ते तिथे बसलेले असताना कुणाची हिंमतच झाली नसती.

मळ्याच्या पूर्वेच्या बांधाला तिला ठेवलं. मी घरी आले त्या दिवशी तात्या नव्या भिंतींना पाणी मारत होते. वैशाखाचं ऊन, भिंती सुकल्या तर तडकतात. नळी हातात धरून ते खोली-खोलीतून फिरत होते आणि पाण्याच्या आवाजाखाली रडत होते. मला पाहून त्यांनी नळी बंद केली नाही.

वास्तुशांत केली नाही. पावसाच्या आधी नुसतं दूध उतू घालून आम्ही राहायला गेलो. दोन वर्षांनी मुलगा झाला, धडधाकट. घर भरलं. तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं. पण अशोक कामाला गेला, मुलगा झोपला, आत्या देवळात गेली की तात्या ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि समोर बघत म्हणायचे, "नाक तुझं व्हतं गं तिचं." मी म्हणायचे, "हनुवटी तुमची होती." कधी केसांबद्दल बोलायचो, कधी एका कानाच्या दुमडलेल्या पाळीबद्दल. एखाद्या वेळी माझी आठवण पुसट व्हायची, मग ते सांगायचे. कधी त्यांना नीट आठवायचं नाही, मग मी. लोक गावाला गेलेल्या लेकीबद्दल बोलतात, तसंच आमचं चालायचं. वर्षानुवर्षं.

मुलगा चौथीत असताना तात्या गेले. छाटणीचे दिवस होते. सकाळी बागेत गेले, दुखतंय म्हणून ओट्यावर येऊन टेकले, मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. दहाव्यापर्यंत माणसांची वर्दळ होती, तेव्हा काही जाणवलं नाही. सगळे पांगल्यावर एका दुपारी मी ओट्यावर बसले, आणि लक्षात आलं की तिला पोटभर पाहिलेलं आता या जगात कुणी नाही. एक मी. माझ्याच्यानं दुमडलेली पाळी डाव्या कानाची होती की उजव्या, हेही ठरेना, आणि विचारायला माणूस नव्हतं. तात्यांसाठी जे रडू अडकून राहिलं होतं ते तेव्हा आलं.

अशोक आतून कधी बाहेर आला मला कळलं नाही. तो जवळ बसला. तो पायाच्या बोटांकडे बघत होता.

"तात्या आणि तू बोलायचात," तो म्हणाला. "एक-दोनदा कानावर पडलं होतं. मी बाहेरूनच मागं फिरायचो."

मी त्याच्याकडे वळून बसले.

"मी बघितलं नाही तिला," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "सांगतेस का मला? दिसायला कशी होती?"

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले.