गेटवरचे दोन हॉर्न

आमच्या वस्तीच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर भोंगा. सायरन बिघडला की खिडकीतून डोकं काढून तो स्वतःच बोंब ठोकायचा, त्यावरून हे नाव. ती गाडी आम्ही दोघांनी दारोदार वर्गणी मागून उभी केली. अडलेली बाळंतीण असो की जिन्यावरून पडलेला म्हातारा, भोंगा भरल्या ताटावरून उठायचा. पेशंट बरा होऊन घरी आला की विचारपूस करायला हमखास जायचा. मला अक्का म्हणायचा. पाठच्या भावावर ठेवला नसता एवढा भरवसा मी त्याच्यावर ठेवला.

पेशंट आणून देणाऱ्याला खासगी दवाखाने कट देतात. ते बंद करा म्हणून मी सभा घेतली, तेव्हा माझ्या शेजारी उभा राहिला तो हाच. कट खाणारे ड्रायव्हर गेटवर दोनदा हॉर्न मारतात, म्हणजे काउंटरवाल्याला कळतं कुणाचा माल आला, ही खूण त्यानेच लोकांना फोडून सांगितली. जित्या माणसाला माल म्हणतात हो, तो म्हणाला. पहिली टाळी माझी.

मग एका दुपारी माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटात कळ उठली. ताईचं डोकं मांडीवर घेऊन मी गाडीत मागे बसले. सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण भोंग्याने गाडी तशीच पुढे दामटली. विचारलं तर म्हणाला, तिथलं सोनोग्राफीचं मशीन बंद आहे. मला खरं वाटलं.

खासगी दवाखान्याच्या गेटवर त्याने हॉर्न मारला. मग पुन्हा एकदा. गेट सताड उघडं होतं.

हाताची सवय, दुसरं काय. आज मागे कोण बसलंय, हे त्या हाताच्या लक्षातच राहिलं नाही.

काउंटरवाला बाहेर आला, भोंग्याकडे बघून ओळखीचं हसला आणि मला म्हणाला, आधी डिपॉझिट भरा, मग स्ट्रेचर.

"गाडी वळव," मी म्हटलं.

वाटभर ताई कण्हत राहिली. सरकारी दवाखान्यातलं मशीन धडधाकट चालू. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, एवढा वेळ कुठे होतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं. ताईला ऑपरेशनला आत नेलं आणि मी बाहेर येऊन भोंग्यापुढे हात पसरला. किल्ली मागितली.

"घे. सभा तू गाजवल्यास, अक्का. डिझेल कुठून येतं, विचारलंस कधी? वस्तीला गाडी हवी असते, तिचा खर्च नको असतो."

"म्हणून ताईला विकायला काढलंस?"

किल्ली त्याने हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली.

आता डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वस्तीच भरते. पेशंट जवळच्याच दवाखान्यात न्यायचा, हा नियम मी भांडून करून घेतला. ड्रायव्हर नवा आहे. गाडी गेटजवळ आली की मी अजून कान टवकारते.

ताई घरी आली त्या आठवड्यात दार वाजलं. फटीतून पाहिलं तर भोंगा, नेहमीसारखा विचारपूस करायला आलेला. मी कडी काढली नाही.

"कोण आलंय गं?" ताईने आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि तो जिना उतरेपर्यंत दाराला टेकून उभी राहिले.