सगळ्या कार्यालयांना एकच पिन

वाल्मीक सोनवणे मेहरूणमध्ये रेडिओ दुरुस्त करायचा, पण लग्नसराई आली की दुकान बंद आणि तो कॅसेटी घेऊन जळगाव, धुळे, शिरपूर पालथं घालायचा. कोणत्या गाण्यामागे कोणतं लावलं म्हणजे हळदीला बसलेल्या आत्या-मावश्याही नाचायला उठतात, हे त्याला बरोबर कळे.

अडचण होती तारांची. मंगल कार्यालयांत ॲम्प्लिफायर आणि कर्णे असायचे, पण एकाकडे जाड पिन, दुसऱ्याकडे बारीक, तिसऱ्याकडे नुसते दोन स्क्रू. म्हणून वाल्मीक स्वतःचंच सगळं सामान एसटीच्या टपावर चढवी. ब्याण्णव सालच्या मे महिन्यात धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर कर्णे आणि ॲम्प्लिफायर घेईना. वाल्मीक नुसते दोन टेपडेक घेऊन पोचला. कार्यालयाच्या मशीनला त्याने तारा कशाबशा पिळून जोडल्या आणि नवरी पाटावर बसली तेव्हाच त्या निसटल्या. तिचा मामा जवळ येऊन हळूच म्हणाला, "राहू द्या भाऊ, बाया गातील." बायांनी गायलं, छान गायलं. वाल्मीक मान खाली घालून तारा गुंडाळत राहिला.

घरी आल्यावर त्याने चार दिवस एकही रेडिओ उघडला नाही. पत्र्याच्या ट्रंकेत दोन्ही डेक बसवले, मधे आवाज कमीजास्त करायची बटणं आणि बाहेर एकच जाड पिन. एका हाताने उचलता यावं एवढंच ओझं. मग प्रत्येक कार्यालयात तीच पिन बसेल असं सॉकेट लावून द्यायला तो निघाला.

धुळ्याच्या कार्यालयाचे मालक रतिलालनाना म्हणाले, "मशीन चांगलं शे. हात नको लाऊ."

"नाना, ते सारखं घूं करतं. ते थांबवून देऊ?"

आत अर्थिंगची तार सुटली होती. दहा मिनिटांत घूं थांबलं. नाना थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बसाड तुनं सॉकेट."

वर्षभरात नऊ कार्यालयं झाली. तेव्हा शिरपूरचा लीलाधर, हेच काम करणारा, कोणती तार कुठे जोडायची ते विचारायला आला. वाल्मीकने कागदावर काढून दिलं. बायको कलाबाई चिडली. "तो तुमचीच गिऱ्हाइकं नेईल."

"नेईल थोडी. पण माझ्या एकट्यासाठी ही माणसं सॉकेट किती दिवस ठेवतील?"

पुढच्या वैशाखात शिरपूरला जाताना वाल्मीकची गाडी वाटेत बंद पडली. दीड तास उशिरा तो धावतपळत कार्यालयाशी पोचला, तर आतून गाणं ऐकू येत होतं. लीलाधर तशीच बनवलेली स्वतःची ट्रंक जोडून बसला होता.

"लोक ताटकळले होते," तो सरकून जागा देत म्हणाला. "मला ज्या लग्नात वाजवायचंय ते संध्याकाळी आहे. तुझ्या कॅसेटी काढ."

वाल्मीकने घाम पुसला आणि पुढचं गाणं कोणतं लावायचं ते दोघं मिळून ठरवू लागले.